थांबली होती की नव्हती

कुंदे,

परवा तुझ्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलवर तुझी शोकसभा झाली. चार जण बोलले आणि चौघांनीही तुला 'मनमिळाऊ' म्हटलं. चौथ्यांदा तो शब्द आला तेव्हा मी सवयीने डावीकडे वळले, तुझ्याकडे बघून डोळे वटारायला. तर तिथे तुझे अनंतराव बसलेले. तेही माझ्याकडेच बघत होते. हळूच म्हणाले, "माधुरीताई, मलाही हसूच येतंय हो. पण नवऱ्याने इथे कसं हसायचं?" मग आम्ही दोघंही रुमालात तोंड घालून बसलो. लोकांना वाटलं, रडतायत. थोड्या वेळाने ते खरंही झालं.

मनमिळाऊ! हॉलच्या दारावर 'पालकांनी खिडकीतून डोकावू नये. डोकावल्यास पाल्य त्याच खिडकीतून परत मिळेल' अशी पाटी स्वतःच्या अक्षरात रंगवून लावणारी तू. ती पाटी अजून आहे. सभेला आलेले निम्मे लोक तिच्याखालूनच आत आले.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी कागदावर लिहून नेलं होतं: तू किती वर्षं शिकवलंस, किती मुली घडवल्यास, वगैरे. उभी राहिले, वाचलं, खाली बसले. शाळेत गणित शिकवायचे तशीच वाचत होते म्हणे, आवाजात चढउतार नाही. जे बोलायला हवं होतं ते त्या कागदावर नव्हतंच. ते लोकांना सांगायचं नव्हतं, तुला सांगायचं होतं. आणि सभा संपल्यावर तुझ्या शिष्येने, पूनमने, मला जे सांगितलं ते ऐकल्यापासून तर मला तुझ्याशी कडकडून भांडायचंय.

थांब. क्रमाने सांगते. मला क्रमाशिवाय जमत नाही, हे तू लहानपणापासून बघतेयस.

आपण भेटलो तेव्हा दोघी दहा वर्षांच्या होतो. मुलांच्या व्यायामशाळेत मुलींना संध्याकाळचा एक तास मिळायचा. काथ्याच्या गाद्या, एक लाकडी पेटी, आणि तोल सांभाळत कसरती करायचा एक लाकडी बीम. त्याच्यावर रंधा मारायचं काम कोणाचं यावर कायम वाद. तू पहिल्याच दिवशी पेटीवरून उडी मारून गादीच्या पलीकडे फरशीवर पडलीस, उठलीस आणि म्हणालीस, "परत." मी त्याच दिवशी पेटीपर्यंत किती पावलं होतात ते सात वेळा मोजलं आणि घरी गेले. महिन्याभराने सरांनी आपल्या दोघींना समोर उभं केलं. "कुंदा, तू आधी उडी मारतेस, मग विचार करतेस. माधुरी, तू विचार करतेस आणि उडी मारतच नाहीस. तुमची दोघींची मिळून एक मुलगी असती, तर मी देशाला दिली असती."

तशी मुलगी काही झाली नाही. माझा गुडघा अठराव्या वर्षी गेला. मी शाळेत गणित शिकवायला लागले आणि हळूहळू परीक्षकाच्या परीक्षा देत गेले. तू प्रशिक्षक झालीस. मला आंतरराष्ट्रीय परीक्षकाचा बिल्ला मिळाला तेव्हा तू तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलास. "दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि वर त्याचं पदक लावून हिंडायचं. तुझ्यासारखीला हाच स्वर्ग." पण त्याच दिवशी तू मला निळा कोट घेऊन दिलास, परीक्षकांना लागतो तो. तुझ्याच ओळखीच्या शिंप्याकडून. बाह्या दोन इंच लांब. शेवटपर्यंत तशाच होत्या, कारण तुझ्या समोर तो परत द्यायची माझी हिंमत नव्हती.

मग पूनम आली. सात वर्षांची, दोन बस बदलून वाघोलीहून. वडील कारखान्यात, घरदार यवतमाळकडून आलेलं. तिची आई दाराशी उभी राहून तुला म्हणाली, "बाई, पोरगी पडन त नाई ना जी?" तू म्हणालीस, "पडेल. रोज पडेल. आधी पडायचं कसं तेच शिकवणार आहे." मला वाटलं, ही बाई आता मुलीला घेऊन परत जाणार. पण ती पायरीवर बसली आणि पुढची दहा वर्षं बसून राहिली. तुझी पाटी तिला लागू नव्हती. तिने कधी डोकावलंच नाही. तिला बघवायचं नाही.

पूनम बीमवरची होती. दहा सेंटिमीटर रुंदीचा, छातीएवढ्या उंचीचा तो बीम. इतर मुली त्याच्यावर चढल्या की त्यांचे चेहरे आक्रसायचे, हिचा मोकळा व्हायचा. तिची मुख्य गोष्ट म्हणजे मागे घेतलेल्या दोन उलट्या उड्या. पहिली हात टेकून, दुसरी हात न टेकता. दोन्ही एकाला एक लागून यायला हव्यात, मधे श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. मधे मुलगी थांबली तर त्या दोन सुट्या उड्या झाल्या. जोडीचे गुण गेले. ती जोडी बसवायला तू तिच्यामागे दोन वर्षं लागली होतीस. हॉलभर तुझा आवाज असायचा, "थांबायचं नाही! विचार खाली उतरल्यावर करायचा!" मी रविवारी सकाळी येऊन कोपऱ्यात बसायचे आणि तुला सांगायचे, खांदा वाकतोय, पाऊल वळतंय. तू म्हणायचीस, "दिसतंय मला." मग सोमवारी तेच दुरुस्त करायचीस.

आणि एके दिवशी तू माझ्या घरी पेढे घेऊन आलीस. परदेशात महिलांची आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होती. संघात पूनम, तिची प्रशिक्षक म्हणून तू, आणि परीक्षकांच्या यादीत मी. तू दारातूनच ओरडलीस, "आपण तिघी चाललो!"

मी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "कुंदे, आता स्पर्धा होईपर्यंत मी हॉलवर येणार नाही."

"का? आम्हाला गोवर आलाय?"

"मला बीमला बसवलं तर? लोक बघतात."

"लोक काय बघायचं ते बघतील. तू पोरीचा खांदा बघ."

मी नाही आले. दोन महिने. तुला तो माझा ताठा वाटला. मला तो नियम वाटत होता. विमानतळावरही मी तुमच्यापासून लांब बसले. थोड्या वेळाने पूनम आली, हातात स्टीलचा डबा. "बाईंनी दशम्या दिल्यात. म्हणाल्या, परीक्षकांनी खाल्ल्या तर चालतात का ते विचार." मी खाल्ल्या. डबा तू उतरल्यावर परत मागून घेतलास.

आणि मला बीमलाच बसवलं.

आता त्या दिवसाबद्दल तुला जे माहीत नाही ते सांगते. अकरा वर्षं पोटात ठेवलंय.

बीमच्या टेबलावर काठिण्य ठरवणाऱ्या आम्ही दोघी होतो. प्रमुख एक पांढऱ्या केसांची, दुसऱ्या देशाची बाई आणि शेजारी मी. मुलीने काय काय केलं आणि त्यातलं काय धरायचं हे आम्ही दोघींनी मिळून ठरवायचं. पूनम हिरव्या पोशाखात समोर आली, हात वर करून तिने आम्हाला अभिवादन केलं. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. ते तूच शिकवलं असणार. चढली. सुरुवात सुंदर झाली. मग ती मागच्या उड्यांसाठी टोकाला आली. पहिली उडी घेतली, पाय टेकले. आणि तिथे काहीतरी झालं. हात वरच राहिले, खांदे किंचित पुढे आले, मग दुसरी उडी. तीही छान टेकली. शेवटपर्यंत ती पडली नाही. खाली उतरली तेव्हा तू तिला उचललंस, सतरा वर्षांच्या पोरीला, तुझी पाठ दुखत असताना.

माझ्या समोरच्या कागदावर दोन खुणा होत्या. दोन्ही उड्या जोडलेल्या असल्या की आम्ही मधे रेघ मारतो. माझी पेन्सिल मधेच होती. प्रमुख बाई म्हणाली, "जोड आहे ना? मी धरतेय."

कुंदे, ती द्यायला तयार होती. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं.

मी म्हणाले, "नाही. थांबली."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कोटावरच्या झेंड्याकडे. "नक्की?"

"नक्की."

स्वतःच्या देशाच्या मुलीला मीच नाही म्हणतेय म्हटल्यावर तिला शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. तिने खोडलं. अर्ध्या गुणाहून थोडं जास्तच गेलं.

गुण लागले तेव्हा तू फलकाकडे बघून बोटांवर हिशेब केलास आणि तुला लगेच कळलं काय गेलं ते. तू आक्षेपाचा अर्ज मागितलास. आमच्या टेबलासमोर उभी राहून लिहिलास. तुझं अक्षर इतकं वाईट मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्यापासून चार हातांवर होतीस. एकदाही वर बघितलं नाहीस. वरच्या समितीने चित्रण मागवलं, हळू करून बघितलं आणि आमचा निर्णय कायम ठेवला. अंतिम फेरीत आठ जणी जातात. पूनम नववी आली.

नववी म्हणजे पहिली राखीव. अंतिम फेरीच्या दिवशी तिने पोशाख घालून, केस बांधून, अंग गरम करून तयार राहायचं. आठांतली एखादी आयत्या वेळी आली नाही तर हिला संधी. त्या दिवशी मला काम नव्हतं, मी वर प्रेक्षकांत बसले होते. तू कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिला बसवलं होतंस आणि खाली मांडी घालून तिचे घोटे चोळत होतीस, थंड पडू नयेत म्हणून. एक मुलगी झाली की चोळायचीस. दुसरी झाली की परत. आठही जणी आल्या. आठवी उतरली तेव्हा तू हात थांबवलेस, पूनमच्या खांद्यावर जाकीट टाकलंस आणि तिची वेणी जाकिटातून बाहेर काढलीस. मला खाली यायचं होतं. चार पायऱ्या उतरले आणि तिथेच उभी राहिले.

परतीच्या विमानात आपल्या जागा शेजारीशेजारी आल्या होत्या. तू खिडकीबाहेर बघत होतीस. विमान उडताना माझे हात गार पडतात हे तुला माहीत. विमान धावायला लागलं तसा तू माझ्याकडे न बघता हात पुढे केलास. मी धरला. विमान सरळ झाल्यावर तू तो काढून घेतलास. मुंबईहून पुण्याला येताना गाडी चहाला थांबली, तेव्हा पूनम तोंड धुवायला गेली आणि तू पहिल्यांदा तोंड उघडलंस.

"थांबली नव्हती."

"थांबली होती."

"चहात साखर नाही," म्हणालीस, आणि माझ्या कपातला अर्धा ओतून घेतलास.

तिथून सुरू झालं ते. माझ्या मुलाच्या लग्नात तू अक्षता टाकायला माझ्या मागे उभी होतीस, 'सावधान' झालं आणि माझ्या कानाशी, "नव्हती थांबली." तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, भूल उतरत होती, अनंतराव काळजीने तुझ्या तोंडाशी वाकले आणि तू म्हणालीस, "मधूला सांगा, नव्हती." मी चित्रणाचा दाखला द्यायचे तर तू म्हणायचीस, "चित्र हळू केलं तर पळता घोडाही थांबलेला दिसतो." शेवटी अनंतरावच हात जोडायचे, "अहो, पोरगी थांबली असेल नसेल, आता तुम्ही दोघी थांबा." मला ते भांडण आवडायला लागलं होतं, खरं सांगते. आपल्या वयाच्या बायका भेटल्या की गोळ्यांची नावं सांगतात एकमेकींना. आपल्याकडे निदान विषय होता.

एकदाच ते भांडण खरं झालं. खडकवासल्याला. रविवारी सकाळी आपण धरणाच्या कडेला कणसं खात बसलो होतो. त्याच आठवड्यात पूनमने स्पर्धा सोडल्या होत्या; पाठ साथ देत नव्हती. तू कणसाचे दाणे सोलत, पाण्याकडे बघत म्हणालीस, "मधू, तुला भीती वाटली त्या दिवशी. मैत्रिणीच्या पोरीला दिलं म्हणतील, म्हणून. दुसऱ्या कुठल्या देशाची मुलगी असती तर तू दिलं असतंस."

मी उठले. कणीस तिथेच ठेवलं आणि बसने एकटी घरी आले. आठ महिने बोलले नाही तुझ्याशी. लोकांना सांगितलं, कुंदाने माझ्या सचोटीवर शंका घेतली. पण तू बोट ठेवलंस ते बरोबर जागी, म्हणून राग आला होता. प्रमुख बाई जोड धरत होती, तू हे ऐकलेलंही नव्हतंस. तरी तुला कळलं.

आठ महिन्यांनी तुझा फोन आला, जणू काल दुपारी बोलणं झालं होतं. "हॉलवर नवीन बीम आलाय. बघायला ये. मार्क द्यायला येऊ नकोस." मी आले. तू बीमवर हात फिरवून दाखवलास, मी सुतासारखा सरळ आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं. पाच मिनिटांत तू म्हणालीस, "नव्हती थांबली." मला फार बरं वाटलं.

गेल्या दिवाळीनंतर तुझं पोट दुखायला लागलं आणि तीन महिन्यांत सगळं आटपलं. मी रोज दुपारी धायरीला तुझ्या घरी यायचे. येणारे सगळे तुझ्याशी हळू आवाजात बोलायचे, देवळात बोलतात तसं. तू वैतागायचीस. "मधू, तू तरी भांड माझ्याशी. हे लोक बोलतात तेव्हा मला वाटतं मी गेलेच." मग मी भांडायचे. उशीवरून, औषधावरून, अनंतरावांनी केलेल्या पातळ खिचडीवरून. पण मनात ठरवलं होतं की तुला ते सांगून टाकायचं. मीच नाही म्हणाले, एकटीने, ते. एका दुपारी अनंतराव औषधं आणायला गेले होते. मी खुर्ची पुढे ओढली.

"कुंदे, त्या दिवशी टेबलावर काय झालं माहितेय का..."

"नव्हती थांबली," तू म्हणालीस आणि डोळे मिटून घेतलेस.

मला वाटलं, दमलीस. मी पांघरूण सारखं केलं आणि खुर्ची मागे सरकवली. नंतर परत धीर झाला नाही, आणि मग तू बोलण्याच्या स्थितीतच राहिली नाहीस.

तर आता परवाची गोष्ट.

सभा संपली, लोक गेले. अनंतरावांना त्यांच्या पुतण्याने घरी नेलं. पूनम खुर्च्या रचत होती. ती आता वाघोलीच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि शनिवार-रविवार तुझ्या छोट्या मुली घ्यायला येते, हे तुला माहीतच आहे. मी तिला मदत करायला लागले. ती म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही कोणाशी भांडणार हो? ते थांबली-नव्हती थांबली?"

मी सहज म्हणाले, "मग तूच सांग. थांबली होतीस का?"

तिने हातातली खुर्ची खाली ठेवली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. "अकरा वर्षं झाली, मॅडम. तुम्ही पहिल्यांदा विचारताय मला."

खरंच की, कुंदे. मी कधी विचारलंच नव्हतं. पोरीला विचारायचं सुचलंच नाही मला.

"थांबले होते ना," ती म्हणाली. "पहिल्या उडीचे पाय टेकले आणि मला कळलं, अगदी बरोबर टेकलेत. आयुष्यात तितके बरोबर कधी टेकले नव्हते. इतका आनंद झाला ना, मॅडम! त्या आनंदातच थांबले. मग बाईंचा आवाज आठवला, थांबायचं नाही. तेव्हा दुसरी घेतली."

मी खुर्चीवर बसले. म्हणाले, "हे कुंदाला कधी सांगितलंस का?"

"त्याच दिवशी. हॉटेलवर गेल्या गेल्या. आक्षेप देऊन झाला होता, आणि बाई मला समजावत होत्या की तुझी काही चूक नाही, परीक्षकांनाच दिसलं नाही. मला राहवेना. मी रडत सांगून टाकलं की बाई, मी खरंच थांबले होते."

"मग? काय म्हणाली?"

"पहिल्यांदा काहीच नाही. मग म्हणाल्या, मला सांगितलंस तेवढं पुरे. आता कोणाला सांगायचं नाही. आईलाही नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, परीक्षकांनी दिलं नाही. मी म्हणाले, पण मग माधुरी मॅडमना वाईट वाटेल. तर म्हणाल्या, मधूला सोसेल. तिला मी चाळीस वर्षं ओळखते. तुझं वय नाही हे सोसायचं."

कुंदे!

म्हणजे चहाच्या टपरीवर तुला माहीत होतं. माझ्या मुलाच्या लग्नात माहीत होतं. भुलीतसुद्धा तू खोटं बोललीस. माणसं भुलीत खरं बोलतात म्हणे! आणि मी बावळटासारखी चित्रणाचे दाखले देत बसले. अकरा वर्षं तू त्या पोरीची चूक माझ्या माथी ठेवलीस, आणि मला वाटत होतं तू हरायला तयार नाहीस. मला घरी येईपर्यंत राग आला होता. रिक्षात मी मोठ्याने म्हणालेही, "हद्द झाली." रिक्षावाला म्हणाला, "सिंहगड रोडला हे ट्रॅफिक रोजचंच आहे, मावशी."

मग रात्रीचं जेवण करताना मला खडकवासला आठवलं आणि घास तसाच राहिला. पूनम थांबली होती हे तुला तेव्हा पक्कं माहीत होतं. तरी तू म्हणालीस, तुला भीती वाटली. म्हणजे तुझं म्हणणं वेगळंच होतं, आणि मला ते आत्ता समजतंय. शाळेत मी मुलांना सांगायचे, उत्तर बरोबर आलं म्हणून गणित बरोबर असतंच असं नाही, पायऱ्या दाखवा. कित्येक मुलांचे मी त्यासाठी निम्मे गुण कापलेत. माझंही तसंच झालं होतं. पूनम थांबली हे उत्तर बरोबर आलं. पण मी ते भीतीने काढलं होतं. दुसऱ्या देशाची मुलगी असती तर मी ती रेघ मारली असती का? मला अजून सांगता येत नाही. तू मला तेवढंच विचारत होतीस, आणि मी कणीस टाकून निघून आले.

हे सगळं मी काल पूनमला सांगितलं. हॉलवर मुद्दाम गेले. प्रमुख बाई द्यायला तयार होती, मीच नको म्हटलं, हेही सांगितलं. मला वाटलं, आता तरी तिला वाईट वाटेल. ती एका चिमुरडीचा पाय बीमवर सरळ करत होती. वळून म्हणाली, "पण मॅडम, मी थांबले होते ना. मग तुम्ही काय म्हणणार दुसरं?" आणि परत त्या पायाकडे वळली. तिला खरंच काही वाटलं नाही. ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हसरी, स्वतःच्या चुकीबद्दल मजेत बोलणारी बाई झालीय. सतरा वर्षांची असताना ते ओझं तिच्या पाठीवर पडलं असतं तर अशी झाली असती की नाही, कोण जाणे. ते तू ओळखलंस. पेटीवरून आधी उडी मारून मग विचार करणारी तू; त्या दिवशी हॉटेलच्या खोलीत मात्र रडणाऱ्या मुलीसमोर दोन क्षण गप्प राहिलीस, आणि विचार करून बोललीस.

आणि माझ्याबद्दलचा तुझा अंदाजही बरोबर निघाला. मला सोसलं. नुसतं सोसलं नाही, मी त्याच्यावर अकरा वर्षं मजेत काढली. कोणी आपल्यावर इतका विश्वास टाकलेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, हे ह्या वयात कळणं फार अवघड जातं गं.

पण एकदा तोंडाने सांगायचं होतंस. त्या दुपारी मी खुर्ची ओढून बसले होते, घरात आपण दोघीच होतो. मी माझं सांगितलं असतं, तू तुझं. दोघींनी एकमेकींना शिव्या दिल्या असत्या, अनंतराव औषधं घेऊन आले असते आणि म्हणाले असते, थांबा. त्याऐवजी मला ते तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर, खुर्च्या रचताना कळलं.

हे काही तू बरं केलं नाहीस, कुंदे.

तुझी,
मधू